थोड्या दिवसांचे परदेशी शिक्षण : फ्लॉरेन्स शहराचा धडा

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन-चार वर्षांचा मुक्काम आणि नावापुढे लागणारी मोठी पदवी येते. आज आम्ही ज्या शिक्षणाविषयी बोलणार आहोत ते याहून निराळे आहे. कॉलेजात शिकत असतानाच सहा आठवडे, तीन महिने किंवा फार तर एक सत्र परदेशातल्या एखाद्या जुन्या शहरात राहायचे, तेथे नेमलेला अभ्यास करायचा, मिळालेले श्रेयांक आपल्या कॉलेजात जमा करायचे आणि परत येऊन येथली पदवी पुरी करायची, असा हा प्रकार आहे. आपल्या वस्तीतल्या मुलांच्याही कानावर हा विषय आता येऊ लागला आहे. कॉलेजच्या सूचनाफलकावर पत्रक लागते, मुलगी ते घरी घेऊन येते आणि घरात वाद सुरू होतो.

आम्ही पेशाने बँकेतले कारकून. पदवी कला शाखेची, विषय इतिहास. परदेशी पैसे पाठविण्याच्या टेबलावर काही वर्षे काढली. तेथे एकदा एक गृहस्थ फॉर्म भरता भरता आम्हाला म्हणाले, "साहेब, दीड महिन्यासाठी एवढे पैसे जातात. यात पोरीला डिग्री तरी मिळते का?" आम्ही म्हटले, "डिग्री मिळत नाही, काका." "मग मिळते काय?" असे त्यांनी विचारले. मागे रांग होती, म्हणून ते बोलणे तेवढ्यावरच राहिले. परंतु प्रश्न रास्त आहे. आज त्याचे उत्तर आम्ही सविस्तर देणार आहोत आणि त्यासाठी इटलीतले फ्लॉरेन्स हे एकच शहर घेणार आहोत. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलेले नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आणि बँकेचे नोकर म्हणून गेली अनेक वर्षे आम्ही त्याच्याविषयी वाचत आलो आहोत, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम हे लक्षात घ्या की ही प्रथा मुळात गरिबांची नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांची मुले शिक्षण संपवताना युरोपच्या सफरीवर निघत आणि फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिस पाहून घरी परतत. बरोबर नोकर, शिक्षक आणि भरपूर पैसा असे. कॉलेजच्या अभ्यासाचा भाग म्हणून परदेशी राहण्याची पद्धत पुढे अमेरिकेत रुजली. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी एका वर्षासाठी फ्रान्सला पाठविले. ही कल्पना पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाची होती. राष्ट्राराष्ट्रांतील मुले एकमेकांच्या घरी राहिली तर पुन्हा युद्धाची पाळी कमी येईल, असे त्याला वाटत होते. विद्यापीठाने पैसे देण्यास नकार दिला, तेव्हा खाजगी देणग्यांतून काम उभे राहिले. फ्लॉरेन्समध्ये स्मिथ या अमेरिकन महिला कॉलेजचा वर्ग १९३१ साली सुरू झाला आणि सिराक्यूज विद्यापीठाचा १९५९ साली. आज त्या एका शहरात अमेरिकन विद्यापीठांची अशी डझनावारी केंद्रे आहेत. युरोपातल्या मुलांसाठी १९८७ साली इरॅस्मस योजना आली आणि एका देशाचे विद्यार्थी दुसऱ्या देशात सत्रापुरते शिकू लागले. तिच्या पुढच्या विस्तारात भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांतील मुलांनाही काही महिन्यांसाठी जाण्याची वाट मिळाली. अट एकच, तुमचे विद्यापीठ आणि तिकडचे विद्यापीठ यांचा आपसात करार असला पाहिजे.

आता शहराकडे वळू. आर्नो नदीच्या काठी वसलेले हे गाव आजही साडेतीन-चार लाख वस्तीचे आहे, म्हणजे आपल्या मोठ्या शहरांपुढे लहानच. त्याचा जुना भाग पायी फिरता येतो आणि शिकण्याच्या दृष्टीने हीच मोठी सोय आहे. सकाळी वर्गात जे ऐकले ते दुपारी चालत जाऊन पाहता येते.

वाणिज्य शाखेच्या मुलांपासून सुरुवात करू. १२५२ साली या शहराने फ्लोरिन नावाचे सोन्याचे नाणे पाडले. त्यात सुमारे साडेतीन ग्रॅम शुद्ध सोने असे, आणि त्याचा कस राखला गेल्यामुळे ते साऱ्या युरोपात चालले. आपण ज्याला बँक म्हणतो तो शब्द सराफाच्या बाकावरून आलेला आहे. दिवाळखोरीच्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही 'मोडलेले बाक' हीच इटालियन कल्पना आहे. बार्दी आणि पेरुत्सी या फ्लॉरेन्सच्या दोन मोठ्या पेढ्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाला युद्धासाठी भरमसाट कर्जे दिली. ती वसूल झाली नाहीत आणि १३४० च्या दशकात दोन्ही पेढ्या बुडाल्या. बुडीत कर्जाचा रोग किती जुना आहे, हे यावरून ध्यानात येईल. पुढे १३९७ साली मेदिची घराण्याची पेढी निघाली. तिच्या शाखा रोम, व्हेनिस, ब्रुज, लंडन येथे होत्या आणि १४९४ साली तीही संपली. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात दातिनी नावाचा एक व्यापारी १४१० साली वारला. त्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. जमा-खर्चाच्या दुहेरी नोंदी पुस्तकात शिकलेल्या मुलाने अशी एक जुनी वही समोर उघडून पाहिली, तर एरवी परीक्षेपुरता वाटणारा विषय त्याला माणसांचा वाटू लागेल.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मुलांसाठी तेथे मोठ्या चर्चचा घुमट आहे. इमारतीचे काम १२९६ साली सुरू झाले, पण एवढ्या रुंद अष्टकोनावर घुमट कसा उभारायचा हे शंभरहून अधिक वर्षे कोणाला सुचले नाही. जमिनीपासून लाकडी आधार उभा करायचा तर तेवढे लाकूड आणायचे कोठून? हे काम ब्रुनेलेस्की याने अंगावर घेतले. त्याचे शिक्षण सोनारकामाचे होते. १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत त्याने आत एक आणि बाहेर एक असे दुहेरी कवच रचले आणि विटा अशा तिरप्या ओळींत गुंफल्या की चढता घुमट स्वतःच स्वतःला सावरीत गेला. आज ४६३ पायऱ्या चढून दोन्ही कवचांच्या मधून वर जाता येते. त्या विटा हाताने चाचपून पाहणे हाही अभ्यासच होय.

समाजशास्त्राच्या, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी याच ब्रुनेलेस्कीने आखलेली दुसरी इमारत पाहावी. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधलेला तो आश्रम आहे. बांधकाम १४१९ साली सुरू झाले आणि १४४५ पासून तेथे मुले येऊ लागली. आता तेथे संग्रहालय आहे. मुलाला सोडताना आईने बरोबर ठेवलेली अर्धी तोडलेली पदके तेथे जपलेली आहेत. दुसरा अर्धा भाग आईजवळ राही. कधीकाळी दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून मूल परत मागता येईल, ही आशा. या मुलांना 'इन्नोचेंती', म्हणजे निरपराध, असे आडनाव पडे. शब्द किती सुंदर! पण त्या आडनावावरूनच हे मूल कोठून आले हे गावाला कळे. मित्रहो, आडनाव ऐकून माणसाची जागा ठरविण्याची खोड कशी असते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ती फक्त आपल्याच मातीत नव्हती, हे मात्र असे दुसऱ्या देशात जाऊन कळते. आणि एकदा ते कळले की आपल्या दुःखाकडे आपण रडगाणे म्हणून पाहत नाही, अभ्यासाचा विषय म्हणून पाहू लागतो.

कला आणि इतिहासाच्या मुलांसाठी तर सारे शहरच आहे. त्यातले एकच स्थळ सांगतो. सान मार्को नावाचा मठ आहे. त्यात भिक्षूंच्या चाळीसेक लहान खोल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक खोलीच्या भिंतीवर फ्रा अँजेलिको व त्याच्या मदतनिसांनी चित्रे काढलेली आहेत. राहण्याच्या खोल्या, मध्ये मोकळी जागा, भिंतींवर चित्रे. हे वर्णन ऐकताना आपल्याला अजिंठ्याचे विहार आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक तंत्राचा आहे. फ्लॉरेन्सची चित्रे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली असून रंग भिंतीतच मुरलेला असतो. अजिंठ्याला मातीच्या गिलाव्यावर पातळ चुन्याचा हात देऊन, तो सुकल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवून रंग लावलेले आहेत. या दोन तंत्रांशी निगडित एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली. अजिंठा निजामाच्या राज्यात होते. १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना चित्रे वाचविण्यासाठी इटलीहून बोलावण्यात आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे उपकारच झाले. पण चित्रांवर जे लाखेचे वार्निश चढविले गेले ते काळाबरोबर पिवळे-काळे पडले आणि पुढच्या लोकांना ते काढीत बसावे लागले. अजिंठ्याच्या भिंतींची काळजी वाहणारे तज्ज्ञ आपल्याच मुलांमधून का होऊ नयेत? त्यासाठी दोन्हीकडच्या भिंती पाहिलेला विद्यार्थी हवा. सहा आठवड्यांत कोणी तज्ज्ञ होत नाही हे खरे. पण आपल्याला तज्ज्ञ व्हायचे आहे, एवढे त्या सहा आठवड्यांत नक्की कळू शकते.

याच सान मार्कोत १४४४ साली एक ग्रंथालय उभे राहिले. निक्कोली नावाच्या ग्रंथवेड्या गृहस्थाने मरताना आपले ग्रंथ लोकांच्या उपयोगासाठी ठेवले होते, पण त्याच्यावर कर्ज होते. कोझिमो मेदिचीने ते कर्ज फेडले आणि सुमारे ४०० ग्रंथ येथे आणून अभ्यासकांना खुले केले. आपली अभ्यासिका चालविताना पुस्तकांसाठी दारोदार फिरलेल्या सभासदांना ही हकीकत आपलीच वाटेल.

आता या शहरातल्या ज्या घटनेसाठी आम्ही हे उदाहरण मुद्दाम निवडले ती सांगतो. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे आर्नो नदी गावात शिरली. सांता क्रोचे भागात पाणी वीस फुटांच्या वर चढले. शहर व परिसरात ३५ माणसे दगावली. घरे गरम ठेवण्यासाठी साठविलेले तेल पाण्यात मिसळले आणि पूर ओसरल्यावर सर्वत्र तेलकट चिखल उरला. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दहा लाखांहून अधिक पुस्तके, वर्तमानपत्रे व कागद त्या चिखलात बुडाले. चिमाबूए या चित्रकाराने तेराव्या शतकात रंगविलेल्या क्रूसावरचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला.

तेव्हा कोण धावले? इटलीच्या गावोगावचे विद्यार्थी आले, परदेशांतून तरुण आले आणि थोड्या दिवसांच्या शिक्षणासाठी तेथे राहत असलेली परदेशी मुले वर्ग सोडून चिखलात उतरली. तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची साखळी धरून त्यांनी एकेक ग्रंथ हातोहात वर पोचविला. पानांत टिपकागद घातले, भुसा टाकला, तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांत पुस्तके वाळविली. गावाने या मुलांना 'चिखलातले देवदूत' असे नाव दिले. जुने ग्रंथ दुरुस्त करण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी त्या चिखलातून वर आले. व्हासारी या चित्रकाराचे एक मोठे चित्र त्या पुरात भिजले होते. ते दुरुस्त होऊन परत जागेवर लागले ते ४ नोव्हेंबर २०१६ रोजी, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी.

त्या मुलांना तेथली डिग्री मिळणार नव्हती. पुस्तके त्यांच्या भाषेतलीही नव्हती. तरीपण माणसाने लिहून ठेवलेले बुडू द्यायचे नाही, हे त्यांना कळले. "मग मिळते काय?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते येथे आहे. पाहुणा म्हणून गेलेला विद्यार्थी ज्या दिवशी त्या गावाच्या कामाला हात लावतो, त्या दिवसापासून त्याचे शिक्षण सुरू होते. पण पूर दरवर्षी येत नाही. एरवी असे पुष्कळदा घडते की परदेशी मुले आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यात राहतात, आपल्याच भाषेत बोलतात, फोटो काढतात आणि परत येतात. अशा सहलीसाठी आईचे दागिने गहाण पडता कामा नयेत. हे आम्ही कारकून म्हणून स्पष्ट सांगतो.

थोडा वेळ हाती असलेल्याने तो कसा वापरावा, याचा आपला आदर्श घरातच आहे. १९१६ साली बाबासाहेब लंडनला पोचले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठविले, काही मदत घेतली आणि १९२० साली ते परत गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते. मुदत संपली म्हणून अभ्यास संपला, असे त्यांनी मानले नाही.

आता व्यवहाराचे चार शब्द. नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा चालतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्याहून अधिक राहायचे तर इटलीचा वेगळा व्हिसा, आणि पोचल्यावर आठ दिवसांच्या आत तेथल्या वास्तव्य परवान्याचा अर्ज. पैसे अधिकृत बँकेतूनच पाठवावेत आणि फी परस्पर शिक्षणसंस्थेच्या खात्यात जावी. मधल्या दलालाच्या नावे कधीही नव्हे. दुसरे, निघण्यापूर्वी आपल्या कॉलेजकडून लेखी घ्या की तिकडचे श्रेयांक येथे धरले जातील. आपल्याकडे २०२१ पासून श्रेयांकांची बँक सुरू झाली आहे. पण आम्ही बँकवाले सांगतो, बँक नुसती असून भागत नाही, खात्यात नोंद झाली पाहिजे. तिसरे, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. साठी आहेत. सहा आठवड्यांच्या अभ्यासाला त्या मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर अर्ज भरू नका. फी माफ होत असेल, दोन विद्यापीठांचा करार असेल, तरच पुढे पाऊल टाका. आणि गेलात तर तेथली भाषा निदान बाजारहाटापुरती शिकून जा, एकच नेमका प्रश्न घेऊन जा आणि रोज वही लिहा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथली सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात, हेही टिपून ठेवा.

ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी खंत करू नये. हीच पद्धत घेऊन अजिंठा, कार्ले, नाशिकची लेणी यांपैकी एका ठिकाणी चार रविवार घालवा. एक प्रश्न, एक वही, तेथे राबणाऱ्या माणसांशी बोलणे आणि एक निबंध. इतके ज्याने येथे केले नाही त्याला फ्लॉरेन्सही काही देणार नाही.

शेवटी सभासदांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. आपल्या संस्थेचा विद्यार्थी निधी लहान आहे. त्यातून कोणाच्या सहलीला देणगी देऊ नये. परंतु फी माफ झालेला, श्रेयांकाचे लेखी पत्र मिळालेला आणि वर सांगितलेला निबंध लिहिलेला विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी पुढे आली, तर विमानभाडे बिनव्याजी द्यावे. नोकरी लागल्यावर तिने ते हप्त्याहप्त्याने फेडावे, म्हणजे दुसऱ्याला देता येईल. व्याज म्हणून तिने परत आल्यावर दहा रविवार आपल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवावे आणि आपली वही तेथे ठेवावी. मुली अर्ज करीत असतील तर त्यांचा विचार आधी व्हावा, कारण घरात पैसे कमी पडले की पहिला नकार त्यांनाच मिळतो. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनेवर चर्चा व्हावी आणि विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडला जावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.